सिवेर्ट मेस्त्रीची वळचण

सिवेर्ट मेस्त्रीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. त्याला वळचणी लक्षात राहत. बेर्गन गावात सान्डविकनच्या बाजूला डोंगराच्या अंगावर लाकडी घरं एकमेकांना खेटून चढत गेली आहेत. त्या गल्ल्यांतून तो मान वर करून चालायचा. कुणी "काय मेस्त्री, कसं काय?" म्हटलं की त्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे, त्याच्या घराच्या छताचा काठ कुठे दिसतो का ते आधी बघायचा. एकदा पोस्टात एका बाईनं ओळख दाखवली, तर हा कोराच. तिनं घराचा नंबर सांगितला तेव्हा कुठे चेहरा उजळला.

"अच्छा, डाव्या कोपऱ्यातला जोड सुटलेला! कसा आहे आता?"

बाई म्हणाली, जोड बरा आहे, नवरा गेला मागच्या महिन्यात. सिवेर्टनं टोपी काढली. मग अगदी मनापासून काळजीनं विचारलं, "मग आता पन्हळीतली पानं कोण काढतं?"

हा माणूस वाईट नव्हता. शेहेचाळीस वर्षं त्यानं जस्ताचा पत्रा वाकवून, झाळून लोकांच्या छतांना पन्हळी लावल्या होत्या, आणि शेहेचाळीस वर्षं जो मान वर करून जगला त्याची मान म्हातारपणी खाली कशी येणार? शिवाय गावही तसलंच. इथे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पाऊस. तोही सभ्य माणसासारखा वरून खाली पडेल तर शपथ. समुद्रावरून वारा सुटला की पाऊस आडवा येतो, भिंतीवर आपटतो आणि तिथून वर चढतो. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं म्हणणाऱ्या शहाण्याला नोव्हेंबरात आठ दिवस इथे आणून ठेवायला हवं. खराब हवा अशी नसतेच, खराब कपडे असतात, असं इथली शेंबडी पोरंही म्हणतात. सिवेर्टनं त्यात दुरुस्ती केली होती. खराब पाऊस नसतो, खराब पन्हळ असते.

त्याचे नियम दोनच. पहिला, पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा बोटभर खाली हवा. तुंबून वाहिलीच तर गल्लीत वाहील, भिंतीत मुरणार नाही. दुसरा नियम त्याला पहिल्यापेक्षाही प्यारा होता: वळचणीखाली फळी आणि कौलं यांच्यामध्ये दोन बोटं फट मोकळी सोडायची आणि मेलं तरी बुजवायची नाही. लोकांना ती फट बघवत नसे. त्यातून वारा येतो, शीळ वाजते, म्हणून कुणी वर्तमानपत्र कोंबी, कुणी शेवाळ, तर कुणी जुनी उशी. सिवेर्टला त्याचा वासच लागायचा. शिडी लावून तो बोळे बाहेर ओढायचा आणि खाली उभ्या असलेल्या यजमानाच्या अंगावर टाकायचा.

"पाऊस बाहेरून मारतो रे, ओल आतून मारते! तुम्ही श्वास सोडता, बटाटे उकडता, मोजे वाळत घालता, ती वाफ जाणार कुठे? झोपताना स्वतःचं नाक दाबून झोपता का? मग घराचं का दाबता?"

हे भाषण त्यानं एकदा कुणाच्याशा दफनविधीच्या दिवशी चर्चच्या दारात पाद्र्यालाही दिलं होतं. गल्लीत ते सगळ्यांना पाठ होतं. पोरं खेळताना एकमेकांचं नाक धरून म्हणत.

लग्नही त्याचं वळचणीतूनच जमलं. चोविसाव्या वर्षी तो एका कोळ्याच्या घरी पन्हळ बसवायला गेला होता आणि त्याची मुलगी गुनवोर शिडी धरून उभी होती. गल्लीतून तिची एक मैत्रीण गेली. गुनवोरनं तिला हात करायला शिडी सोडली, शिडी घसरली, आणि सिवेर्ट तासाभरापूर्वी स्वतःच लावलेल्या पन्हळीला लोंबकळत राहिला. "पडशील का?" गुनवोरनं घाबरून विचारलं. "मी पडलो तर पडलो," तो वरून म्हणाला, "पन्हळ पडायची नाही." पन्हळ खरंच पडली नाही. एवढा भरवशाचा माणूस पुन्हा मिळायचा नाही, असं गुनवोरच्या बापानं ठरवलं.

आता सिवेर्ट एकाहत्तरचा होता. दोन्ही गुडघे वाजत. गुनवोरनं शिडी चढायची बंदी घातली होती, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. तिचंही कंबरेचं दुखणं होतं. मुख्य रस्त्यावरून त्यांच्या दारापर्यंत त्रेसष्ट दगडी पायऱ्या, हिवाळ्यात त्यावर बर्फ. खाडीपलीकडे नव्या इमारती झाल्या होत्या, लिफ्टच्या. दोन वर्षांपूर्वी मुलगी ओस्लोहून आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. गुनवोरनं त्या इमारतींची छापील चित्रं आणून ठेवली होती. सिवेर्टनं ती चष्मा लावून बघितली आणि पाव खाली ठेवला.

"हिला वळचण कुठंय?"

"सपाट छत आहे," मुलगी म्हणाली. "पाणी आतल्या पाइपातून जातं."

"आतल्या? म्हणजे घराच्या पोटातून?" सिवेर्ट उठून उभाच राहिला. "असल्या घरात मी मेल्यावरसुद्धा नाही राहणार."

बरीच बोलाबोली झाली. शेवटी रागाच्या भरात तो म्हणाला, "माझ्या घराच्या काठातून पावसाचा एक थेंब जरी आत आला ना, तर मी स्वतः सामान बांधीन. मग चल कुठं जायचं तिथं."

"बघ हं. पोरीदेखत बोलतोयस," गुनवोर म्हणाली. आणि उठून तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला, जिथे मुलीच्या उंचीच्या खुणा होत्या, तिथे ते वाक्य पेन्सिलीनं लिहून ठेवलं. खाली तारीख. सिवेर्टची सही घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन वर्षं नीट गेली. मग यंदा जानेवारीत, एका सकाळी डोळे उघडल्यावर सिवेर्टला डाग दिसला.

त्यांची झोपायची खोली माडीवर, छताच्या उतारातच. त्याच्या उशीच्या बाजूला तक्तपोशी तिरकी उतरत वळचणीला मिळते. नेमका त्या कोपऱ्यात, पिवळसर, बशीएवढा. त्यानं बोट लावलं. ओलं होतं. गुनवोर खाली कॉफी करत होती. सिवेर्ट अंथरुणावर बसून राहिला. पन्हळ तीस वर्षांपूर्वी त्यानंच बनवलेली, जोडन्‌जोड त्यानं झाळलेला, काठाचा पत्रा त्यानं दुमडलेला. सगळ्या गावाच्या वळचणी कोरड्या ठेवल्या आणि स्वतःच्या उशापाशी गळती, असला दिव्याखालचा अंधार त्याला सोसेना. आणि खाली कपाटाच्या दारावर सही.

त्यानं जिन्यातली सासूबाईंची तसबीर काढली आणि डागावर ठोकली.

"आईला इथं कशाला आणलंस?" रात्री गुनवोरनं विचारलं. तिरक्या तक्तपोशीवर लावल्यामुळे सासूबाई खोलीत झुकून बघत होत्या.

"तिची आठवण येते."

"तुला? ती असताना तू तिच्याशी तीन वाक्यं बोलला नाहीस."

"म्हणून तर," सिवेर्ट म्हणाला आणि कूस बदलली.

फेब्रुवारीत डाग सासूबाईंच्या कानामागून बाहेर डोकावला. सिवेर्टनं शेजारी हेरिंग मासळीच्या होड्यांचं चित्र लावलं. मार्चमध्ये एक दीपगृह आणावं लागलं. नवऱ्याला या वयात कलेची गोडी लागली याचं गुनवोरला मनापासून कौतुक वाटत होतं, आणि तिनं वाढदिवसाला त्याला कॅनव्हासवरची एक मोठी थोरली गाय दिली. ती त्यानं कृतज्ञतेनं ताबडतोब वापरली.

पण चित्रं लावून ओल थांबत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वर चढून बघायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला बोलवावं, तर गावातले सगळे पत्र्याचे कारागीर त्याच्याच हाताखाली शिकलेले. दुपारी एकाला सांगितलं की संध्याकाळी मासळीबाजारात हशा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग एप्रिलातल्या एका गुरुवारी, गुनवोर चर्चच्या गायनमंडळात तालमीला गेली तसा, त्यानं मागची शिडी काढली, दोन घरांमधल्या बोळात उभी केली आणि चढू लागला.

पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीवर उजवा गुडघा अडकला. वर जाईना, खाली येईना.

हा बोळ म्हणजे पावणेतीन फुटांची पागोळ्यांची जागा. अलीकडे सिवेर्टचं घर, पलीकडे रास्मुसचं. रास्मुस ओढबोटीवरचा निवृत्त इंजिनवाला. वीस वर्षांपूर्वी त्यानं शेजारी मेस्त्री राहत असताना, त्याला न विचारता, बाजारातून प्लास्टिकची पन्हळ आणून स्वतःच्या हातानं लावली होती. राखाडी. सिवेर्टच्या खिडकीसमोर. तेव्हापासून दोघांत बोलणं होतं ते फक्त हवेबद्दल, तेही हवा फारच वाईट असली तर.

वरची खिडकी उघडली आणि रास्मुसचं टक्कल बाहेर आलं.

"काय रे सिवेर्ट, चढतोयस का उतरतोयस?"

"हवा बघतोय."

"तिसऱ्या पायरीवरून? जमिनीवर वेगळी असते वाटतं?"

"तू तुझं काम कर."

"माझं काम झालं सकाळीच. पाव तास झाला, खिडकीतून बघतोय. तुझा पाय काही हलला नाही." रास्मुस कठड्यावर कोपर टेकून आरामात उभा राहिला. "गुनवोर आली की सांगू का तिला, की तू हवा बघतोयस?"

"सांगशील तर याद राख!"

"अच्छा. म्हणजे तिला माहीत नाही," रास्मुस म्हणाला आणि खिडकी बंद झाली.

दोन मिनिटांनी तो बोळात आला. त्यानं सिवेर्टच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि बोटीवरचं पिंप उतरवावं तसं त्याला उचलून खाली ठेवलं. वीस वर्षांत ते एकमेकांच्या एवढे जवळ आले नव्हते. दोघांनीही लगेच दुसरीकडे बघितलं.

आता लपवून काय उपयोग? सिवेर्टनं सगळं सांगितलं. डाग, सासूबाई, गाय, कपाटावरची सही. रास्मुस हसला नाही, हे मात्र त्याला मानायला हवं. फक्त गायीपाशी त्याला जरा खोकला आला.

"परवा शनिवारी दुग्नाद आहेच," तो म्हणाला. दुग्नाद म्हणजे गल्लीनं मिळून राबायचा दिवस. सतरा मेचा, राष्ट्रीय दिनाचा झेंडा लागायच्या आत सगळ्यांनी सगळ्यांच्या पन्हळी साफ करायच्या, पायऱ्या घासायच्या, आणि कुणी कुणाचं किती केलं ते मोजायचं नाही. "सगळ्यांच्या छताला शिडी लागणार. तुझ्याही लावू. मी चढतो. हळूच बघून तुझ्या कानात सांगतो."

"माझ्या घराला आजवर कुणाची शिडी लागलेली नाही."

"मग गुडघ्याला तेल लाव आणि चढ."

सिवेर्टनं गुडघा चोळला.

"एक अट आहे पण," रास्मुस म्हणाला. "शनिवारी, सगळ्यांसमोर, माझ्या पन्हळीबद्दल एक चांगला शब्द बोलायचा."

"कुठला शब्द?"

"तो तू शोध. दोन दिवस आहेत."

ते दोन दिवस सिवेर्टला फार जड गेले. तो खिडकीत बसून समोरच्या राखाडी पन्हळीकडे बघत राहिला. हलकी आहे, असं म्हणावं, तर ती वाऱ्यात थडथडते हेही ओघानं आलंच. गंजत नाही, खरं. पण थंडीत तडकते. रंग बरा आहे म्हणावं, तर रंगच नव्हता. "काय पुटपुटतोयस?" गुनवोरनं विचारलं. "प्रार्थना," तो म्हणाला. तिनं चकित होऊन त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

शनिवारी पाऊस होता, पण मायेचा. गल्लीतली बावीस माणसं रबरी बूट घालून जमली. गल्लीची प्रमुख इंगुन ही शाळेत शिकवायची आणि सगळ्यांशी तिसरीच्या वर्गासारखी बोलायची. तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली यादी काढली आणि कामं वाटली. सिवेर्टचं काम ठरलेलं: खाली काठी घेऊन उभं राहायचं आणि वरच्याला सुनवायचं.

"डावीकडं! माझी डावी नव्हे, तुझी! पानं काढतोयस का कुरवाळतोयस? आणि त्या फटीत काय आहे? हात घाल. वर्तमानपत्र! बघा, बघा, गेल्या वर्षी एवढं सांगून! मॅडम, झोपताना नाक दाबून..."

"...झोपता का, मग घराचं का दाबता!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली. सिवेर्टनं रागानं काठी आपटली, पण आतून त्याला बरं वाटलं.

गुनवोर स्वतःच्या दारात वळचणीखाली वॉफलचं यंत्र मांडून बसली होती. हातात डाव, समोर पिठाचं पातेलं, बाजूला तपकिरी चीज आणि जॅम. मंडळी घराघरानं पुढे सरकत दुपारपर्यंत तिच्या दारात आली.

"सिवेर्टचं घर," इंगुननं यादी वाचली. "मेस्त्री, तुमचं तुम्हीच बघणार ना? नेहमीसारखं?"

"नाही," सिवेर्ट जरा मोठ्यांदाच म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा. लावा शिडी."

गुनवोरचा डाव हवेत थांबला. हे सिवेर्टच्या लक्षात आलं नाही, कारण तो वर बघत होता.

रास्मुस चढला. वाकून बघितलं, बोटानं चाचपलं, बादलीभर पाणी ओतून बघितलं. आणि हळूच कानात सांगायचं ठरलेलं विसरून, बोटीच्या इंजिनावर आयुष्य गेलेल्या माणसाच्या आवाजात ओरडला, "अरे, खालची बाजू सुकी ठणठणीत आहे! जोड सगळे सलामत. फळी अजून खणखणीत. पाणी असं पळतंय बघ! तीस वर्षांत केसभरसुद्धा हललेली नाही ही पन्हळ. कुठनं गळणार?"

सिवेर्टच्या छातीतून तीन महिन्यांचा दगड खाली उतरला. त्याचे डोळे भरून आले. पन्हळ सलामत होती! मग लगेच दुसरा विचार आला, आणि दगड पुन्हा जागेवर. मग पाणी कुठनं येतंय?

"थांब, थांब," वरून रास्मुस. "इथं फटीत काहीतरी आहे. चिमणीचं घरटं दिसतंय."

त्यानं दोन बोटं घातली आणि ओढलं. निळ्या लोकरीची एक बाही बाहेर आली. आणखी ओढली, तर तिच्यामागून खांदा आला, मग छाती, मग पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, आणि अख्खा स्वेटर थपकन सिवेर्टच्या पायाशी पडला. मागून दुसरा, राखाडी. तिसरा. गल्लीत कुणाला तरी हसू फुटलं, आणि मग कुणालाच आवरेना. सात स्वेटर निघाले. सातव्याला एकच बाही होती.

सिवेर्टनं पहिला उचलला. छातीवर बारीक बारीक जळकी भोकं होती. झाळताना उडालेल्या ठिणग्यांची. हे त्याचेच कामाचे स्वेटर, फाटले म्हणून गेले असं त्याला वाटत होतं. एकेक गुनवोरनं विणलेला.

आणि मग त्यानं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, वळचणीवरची नजर काढून समोरच्या माणसाचा चेहरा नीट बघितला.

गुनवोर पांढरीफटक पडली होती. डावातलं पीठ पायरीवर ठिबकत होतं. सिवेर्टला तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवला. छातीत कफ होऊन तो महिनाभर झोपून होता. रोज रात्री कुरकुरायचा, मानेवर वारा बसतोय, मानेवर वारा बसतोय. मग एके दिवशी वारा थांबला होता. आपल्या बांधकामाचं कौतुक करत तो तेव्हा सुखानं झोपला होता. आणि माडीवर, छताच्या उताराखाली वळचणीत एक गुडघाभर उंचीचं कपाट आहे, ज्यात सरपटतच जावं लागतं. त्याला जाता येत नव्हतं. दुखऱ्या कमरेची गुनवोर त्यातून सरपटत गेली होती. सात स्वेटर घेऊन.

"पण मेस्त्री," इंगुन वर्गातल्या आवाजात म्हणाली, "फटीत काही कोंबायचं नाही हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलं. मग हे कुणी केलं?"

सगळे त्या दोघांकडे बघू लागले. गुनवोरनं तोंड उघडलं. या बाईनं चाळीसहून जास्त वर्षं नवऱ्याची ती भाषणं ऐकली होती, लोकांचे बोळे निघताना ती सगळ्यांत मोठ्यानं हसली होती, आणि आता गल्लीसमोर तिला बोलायचं होतं.

"मी," सिवेर्ट म्हणाला.

"तुम्ही?"

"मी कोंबले. मला थंडी वाजत होती. काय म्हणायचंय?"

काय म्हणायचं होतं ते मग गल्लीनं तब्येतीत म्हटलं.

"मेस्त्री, तुम्ही झोपताना नाक दाबून झोपता का?"

"घराला सर्दी झाली होती का हो?"

"मफलर राहिला मेस्त्री! पुढच्या वर्षी मफलर घाला!"

पाद्र्याची बायको, दफनविधीच्या दिवशी जिनं ते भाषण ऐकलं होतं, ती तर हसता हसता पायरीवर बसली. शेहेचाळीस वर्षांचा दरारा पाच मिनिटांत गटारातून वाहून गेला. सिवेर्ट लाल होऊन उभा होता. फार लागलं त्याला. पण तो जागचा हलला नाही, आणि गुनवोरच्या आणि लोकांच्या मधे उभा राहिला.

रास्मुस शिडीवरून खाली बघत होता. या माणसाला तिसऱ्या पायरीवरून त्यानं परवाच उतरवला होता. हा म्हणे वळचणीत सरपटला.

"सिवेर्ट," तो म्हणाला, "अरे, तुझे गुडघे..."

"मी म्हणालो ना मी म्हणून!"

रास्मुसनं एकदा गुनवोरकडे बघितलं, एकदा स्वेटरांकडे. "बरं बाबा," तो म्हणाला, "तूच."

"आणि ऐका सगळे," सिवेर्टनं काठी आपटली. आता अब्रू गेलीच होती, तेव्हा देणं फेडून टाकावं. "ही रास्मुसची पन्हळ. वीस वर्षं मी तिच्याकडं बघतोय." तो थांबला. गल्ली थांबली. "अजून पडलेली नाही."

रास्मुसनं शिडीवर टोपी काढली. याहून जास्त त्यालाही अपेक्षित नव्हतं.

मंडळी वॉफल खाऊन पांगली तेव्हा चार वाजले होते. सिवेर्ट एकेक पायरी करत माडीवर गेला, आणि मागून गुनवोर आली तेव्हा तो चित्रं उतरवत होता. गाय, दीपगृह, होड्या. शेवटी सासूबाई. मागे परातीएवढा डाग पसरला होता, कडेनं काळी बुरशी धरलेली.

"अगं बाई," गुनवोर म्हणाली.

"जानेवारीपासून आहे. तुझ्यापासून लपवला." सिवेर्ट पलंगाच्या काठावर बसला. "सही केलीय मी. उद्यापासून सामान बांधायला घेतो. लिफ्टच्या घरात जाऊ."

गुनवोर त्याच्या शेजारी बसली.

"मी कोंबले म्हणून का सांगितलंस? एवढं नाव होतं तुझं."

"तुला हसले असते."

"आणि तुला हसले, त्याचं काय?"

"मला होईल सवय."

गुनवोरनं डोळे पुसले. "तू खोकत होतास रे. आत कपाटात जाऊन हात लावला तर नुसता बर्फाचा वारा. मला वाटलं, हा माणूस जातोय आता. तुझं ते नाकाचं भाषण पाठ होतं मला, पण त्या वेळी घराच्या नाकाची पर्वा कोण करतो?"

सिवेर्टनं तिचा हात धरला. पिठानं चिकट झाला होता.

मग गुनवोर उठली. तिनं डागाला बोट लावलं, वास घेतला आणि वळून म्हणाली, "हे पाणी पावसाचं आहे?"

इथे खोटं बोलणं मेस्त्रीला शक्य नव्हतं. "पावसाचं कुठलं? पन्हळ सलामत आहे. हे आपलंच. दोघांचे श्वास, बटाट्यांची वाफ, तुझे वाळत घातलेले कपडे. वर गेलं, आणि पुढं वाट मिळाली नाही."

"म्हणजे बाहेरून आत आलं नाही."

"नाही."

"बाहेर जाता आलं नाही, म्हणून राहिलं."

"हो, पण..."

गुनवोर खाली गेली. सिवेर्टला कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, मुलीला धडा वाचून दाखवायची तसा. "'पावसाचा एक थेंब जरी आत आला तर.' पावसाचा. आत. असं लिहिलंय इथं, खाली तुझी सही आहे. नसती घाई नको करूस. पायऱ्यांवरून आपण नोव्हेंबरात भांडू, बर्फ पडला की."

सिवेर्ट माडीवर एकटाच बसून रडला, आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

रविवारी सकाळी गुनवोरनं सातही स्वेटर धुतले आणि बोळात दोरी बांधून वाळत घातले. दोरीचं एक टोक रास्मुसच्या खिडकीला होतं. त्यानं स्वतःच गाठ मारली. गल्लीत सिवेर्टला नवं नाव मिळालं होतं, लोकरीचा मेस्त्री. बारा वाजेपर्यंत सहा जणांनी ते खालून ओरडून सांगितलं आणि सिवेर्टनं सहाही वेळा खिडकीतून मान बाहेर काढून "हो, हो, मीच तो" म्हटलं.

जेवण झाल्यावर दोघं माडीवर आडवी झाली. वाऱ्यानं जोर धरला होता. फट मोकळी झाली होती आणि तीन वर्षांनी तिनं पुन्हा शीळ घातली. वळचणीतून गार हवेचा एक पट्टा आला आणि नेमका सिवेर्टच्या मानेवर बसला. त्यानं डोळे मिटून घेतले. दात मात्र वाजले.

"बसला ना मानेवर?" गुनवोरनं विचारलं.

"बसू दे. घर श्वास घेतंय."

गुनवोर उठली, खाली गेली आणि निळा स्वेटर घेऊन आली. अजून जरासा दमट होता. तिनं सिवेर्टला लहान मुलासारखं बसवून तो त्याच्या डोक्यातून घातला, बाह्या ओढल्या, आणि मानेपाशी दोन्ही हातांनी नीट दाबून बसवला.

"इथं," ती म्हणाली, "कितीही कोंबलं तरी चालतं."